रेम्ब्रांटचे आत्मचित्र आणि आमची भिंत

‘आत्मचरित्र’ आणि ‘आत्मचित्र’ या दोन शब्दांत एका ‘र’चे काय ते अंतर. शब्दांचे असे सान्निध्य कधी कधी विचारालाही फसवते. चित्रकाराने आरशात पाहून स्वतःची प्रतिमा रंगवली, की तिला आपण आत्मचित्र म्हणतो. आणि हा शब्द एकदा योजला, की आत्मचरित्राकडून जी अपेक्षा करावयाची तीच आपण नकळत त्या चित्राकडून करू लागतो. येथे चित्रकाराने आपले अंतःकरण उघडे केले आहे, आयुष्याचा हिशेब मांडला आहे, एकांतात तो स्वतःशीच बोलला आहे, असे आपण धरून चालतो. मी स्वतः पंचवीस वर्षे असे धरून चाललो. आणि इंग्रजी वाङ्मय शिकवता शिकवता, निमित्त काढून, वर्गात तसे सांगतही आलो. तो समज आता मला सोडावा लागला आहे. तो कसा सुटला, आणि सुटल्यावर हाती काय राहिले, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

माझ्या दिवाणखान्यात रेम्ब्रांटच्या उतारवयातील एका आत्मचित्राची छापील प्रत काचेच्या चौकटीत बसवून लावलेली आहे. मूळ चित्र लंडनच्या उत्तर भागात, हॅम्पस्टेडच्या माळालगत, केनवुड नावाच्या वाड्यात असते. डोक्याला पांढरी टोपी, अंगात लोकरीचे अस्तर असावे तसा जड काळसर झगा, हातात पॅलेट आणि कुंचले, आणि पाठीमागच्या फिकट भिंतीवर दोन मोठ्या वर्तुळांचे अर्धेमुर्धे कंस, असे ते चित्र आहे. आमचे बिऱ्हाड नवे होते तेव्हा मोठ्या हौसेने मी ते लावले. त्याच सुमारास माझी थोरली आत्या वाईहून चार दिवस राहावयास आली. पहिल्याच संध्याकाळी ती चित्रापुढे उभी राहिली.

“हा कोण रे? हार नाही, म्हणजे जिवंत दिसतो.”

“नाही आत्या, जाऊन सव्वातीनशे वर्षे झाली. डच चित्रकार होता. त्याने स्वतःच स्वतःला काढले आहे.”

आत्याने चष्मा पदराला पुसला आणि पुन्हा निरखून पाहिले. “काढला आहे छान. पण मग त्याने तो आपल्या घरी लावावा. तुझ्या घरी कशाला?”

सगळे हसले, मीही हसलो. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, हे मला फार उशिरा कळले. भिंतीवर कोणाला जागा द्यावी याविषयी आपल्याकडे अलिखित परंतु पक्के नियम आहेत. पहिली जागा देवाची. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वतींना रंगीत छपाईच्या वाटेने ज्यांना तैलचित्र कधीही परवडले नसते अशांच्या घरांत नेऊन पोचवले. तेव्हापासून तर ही जागा अधिकच पक्की झाली. दुसरी जागा वाडवडिलांची, हारासह. तिसरी छत्रपतींची, टिळकांची, किंवा ज्या घराचा जो पुढारी असेल त्याची. यांखेरीज एखादे नदीकाठचे निसर्गदृश्य चालते. कारण ते कोणाचेच नसते आणि त्याला कोणाची हरकत नसते. रेम्ब्रांट यांपैकी कोणत्याच रांगेत बसत नाही. तो देव नाही, पूर्वज नाही, पुढारी तर नाहीच नाही. एका परक्या देशातल्या परक्या म्हाताऱ्याचा चेहरा मी रोज उठल्याबसल्या पाहावा, याला आधार काय?

आधार म्हणून मी जे सांगत असे ते आत्मचरित्रच होते. रेम्ब्रांटने स्वतःची रंगचित्रे सुमारे चाळीस केली; तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली एकतीस; शिवाय काही रेखाटने. ही सगळी कालानुक्रमे मांडली, की एखाद्या कादंबरीची प्रकरणे उलगडावी तसे वाटते. १६०६ साली लायडन गावी पवनचक्कीवाल्याच्या घरी जन्मलेला हा मुलगा १६२८ च्या सुमारास स्वतःला काढतो, तेव्हा वीतभर फळीवर डोळे सावलीत बुडालेले आहेत आणि कुंचल्याच्या उलट्या टोकाने ओल्या रंगात ओरखडून केसांचे कुरळे काढले आहेत. १६४० साली तोच मनुष्य मखमल पांघरून, कठड्यावर कोपर टेकून, एखाद्या इटालियन उमरावाच्या थाटात आपल्याकडे पाहतो. १६४२ मध्ये त्याची पत्नी सास्किया वारते. १६५६ मध्ये नादारी. १६६३ मध्ये जिने त्याचे मोडलेले घर सावरले ती हेंड्रिक्ये जाते. १६६८ मध्ये तरुण मुलगा तितुस जातो. १६६९ मध्ये तो स्वतः जातो आणि आम्स्टरडॅमच्या पश्चिम चर्चमध्ये एका भाड्याच्या थडग्यात त्याला पुरतात. प्रत्येक आघाताशेजारी एकेक चेहरा ठेवावा आणि आघाताची खूण त्या चेहऱ्यावर शोधावी, अशी माझी पद्धत होती. हे सांगताना माझा आवाज जड होई. एका वर्षी तास संपल्याची घंटा झाली तरी मुले उठली नाहीत, आणि त्याचे श्रेय रेम्ब्रांटला न देता मी स्वतःकडे घेतले होते, हेही येथे कबूल केले पाहिजे.

अडचण एकच होती, आणि ती मला दिसत असूनही मी तिच्याकडे पाहत नव्हतो. आम्स्टरडॅममध्ये १६३९ साली तेरा हजार गिल्डरांना घेतलेले त्याचे घर १६५८ च्या आरंभी लिलावात ११,२१८ गिल्डरांना गेले. त्याच १६५८ सालचे त्याचे एक भव्य आत्मचित्र आहे. कोळसा आणि पोलाद यांवर धनाढ्य झालेल्या हेन्री क्ले फ्रिकने ते १९०६ साली विकत घेतले आणि ते न्यूयॉर्कमधील त्याच्या संग्रहात आहे. त्यात हा दिवाळे निघालेला मनुष्य सोनेरी वस्त्र ल्यालेला, हातात दंड घेतलेला, सिंहासनावर बसल्यासारखा बसला आहे. चेहऱ्यावर थकवा आहे, नाही असे नाही. पण एकंदर बैठक सम्राटाची. माझ्या उपपत्तीप्रमाणे येथे भग्न मनुष्य दिसावयास हवा होता. तो दिसत नाही, तेव्हा मी ‘पराभूताचा अभिमान’ असा एक शब्दप्रयोग काढून वेळ मारून नेत असे. खिन्न दिसला तर दुःख, ताठ दिसला तर दुःखावरील विजय! ज्या उपपत्तीला कोणताही पुरावा प्रतिकूल पडू शकत नाही ती संशयास्पद समजावी, हे तर्कशास्त्राच्या पहिल्याच वर्षाला शिकवतात. ते मला रेम्ब्रांटच्या बाबतीत आठवले नाही.

तीच गोष्ट १६३० च्या कोरीव चित्रांची. त्यांत चोवीस वर्षांचा रेम्ब्रांट डोळे फाडतो, दात विचकतो, हसतो, कपाळाला आठ्या घालतो. यात आत्मनिवेदन ते कसले? गवयाने पहाटे उठून पलटे घोटावे तसा हा रियाज आहे. क्रोध, भय, विस्मय हे भाव पुढे पुराणकथांतल्या पात्रांच्या मुखांवर आणावयाचे, म्हणून घरचा, फुकट मिळणारा आणि कधीही कंटाळा न करणारा नमुना त्याने वापरला.

माझ्या समजाला खरा धक्का मात्र एका जुन्या विद्यार्थ्याने दिला. १९९९ साली लंडन येथे, आणि त्यानंतर हेग येथे, केवळ रेम्ब्रांटच्या आत्मचित्रांचे एक मोठे प्रदर्शन भरले होते. त्याचा ग्रंथ या विद्यार्थ्याने मला आणून दिला. आणि देताना, “सर, आपण आम्हाला सांगितले होते त्याहून हे जरा निराळे आहे,” एवढेच तो म्हणाला. रेम्ब्रांटच्या चित्रांची छाननी करण्यात ज्यांनी आयुष्य घालवले त्या एर्न्स्ट व्हान द वेटरिंग या डच पंडितांचे प्रतिपादन त्यात आहे. ते थोडक्यात असे, की सतराव्या शतकातील चित्रकाराच्या मनात आजच्या अर्थाचे आत्मचित्र नव्हतेच. त्या काळच्या डच भाषेत त्यासाठी स्वतंत्र शब्दही नव्हता. ‘रेम्ब्रांटचे चित्र, त्याच्याच हातचे’ अशा अर्थाच्या शब्दांनी काम भागे. अशा चित्राला गिऱ्हाईक होते. प्रसिद्ध पुरुषांच्या प्रतिमा जमवणाऱ्या रसिकाला त्यात प्रसिद्ध पुरुष मिळे. आणि चित्रे जमवणाऱ्याला त्या पुरुषाच्या हस्तकौशल्याचा नमुना मिळे. एका किमतीत दोन वस्तू.

आणि आत्याच्या प्रश्नाचे उत्तरही मला येथेच मिळाले. १६५६ च्या उन्हाळ्यात नादारीच्या कामी रेम्ब्रांटच्या घरातील मालाची खोलीवार यादी करण्यात आली. ३६३ नोंदींची ती यादी आज उपलब्ध आहे आणि कादंबरीहून वाचनीय आहे. रोमन सम्राटांची अर्धशिल्पे, शिंपले-शंख, शस्त्रे, ब्राउवर, सेगर्स, लीव्हन्स या समकालीनांची चित्रे, कागदांनी भरलेली बाडेच्या बाडे आणि अर्थात त्याची स्वतःची अनेक चित्रे. एवढ्या पसाऱ्यात ‘घरमालकाचे स्वतःचे चित्र’ अशी नोंद मात्र एकही नाही. तोवर त्याने स्वतःला कित्येक वेळा रंगवले होते. पण ती चित्रे घरात नव्हती, ती दुसऱ्यांच्या घरांत होती. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाच्या संग्रहात १६३९ च्या सुमारासच एक जाऊन बसले होते. पुढे तस्कनीचा ग्रँड ड्यूक झालेला कोसिमो दे मेदिची १६६७ च्या डिसेंबरात त्याच्या चित्रशाळेत येऊन गेला. त्या घराण्याला तर चित्रकारांची आत्मचित्रे जमवण्याचा छंदच होता. “त्याने आपल्या घरी लावावा” असे आत्या म्हणाली होती. त्याने ते आपल्या घरी लावले नव्हते. ते मुळात परक्याच्या भिंतीसाठीच निघालेले होते.

परक्याची भिंत म्हटली म्हणजे राजवाडेच डोळ्यांपुढे आणावयास नकोत. पीटर मंडी नावाचा एक इंग्रज प्रवासी १६४० साली आम्स्टरडॅमला गेला होता. त्याआधी तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरत-आग्र्याकडे काही वर्षे राहिलेला, तेव्हा डोळे तयार झालेला मनुष्य. त्याला नवल वाटले ते याचे, की या शहरात खाटीक आणि पाववाले आपल्या दुकानांत चित्रे लावतात आणि लोहार-चांभारांच्या कामाच्या जागीही एखादे चित्र असते. घराच्या भिंतीवर चित्र असणे ही त्या देशात चैन नव्हती, रीत होती. आपल्याकडे रविवर्म्याच्या छापखान्याने जे अडीच शतकांनी केले ते तेथे हातांनी काढलेल्या चित्रांनी आधीच केले होते; मात्र तेथे देव कमी आणि शेजारीपाजारी, गाई, ताटल्या, गलबते अधिक.

येथे एक गोष्ट जाता जाता नोंदवण्यासारखी आहे. नादारीच्या सुमारास आणि तिच्या नंतरच्या काही वर्षांत रेम्ब्रांटने मोगल लघुचित्रांवरून वीसाहून अधिक रेखाटने केली, तीही पौर्वात्य कागदावर. त्यांत जहांगीर आहे, शहाजहान आहे. झाडाखाली बसलेल्या चार वृद्ध साधुपुरुषांची बैठक एका मोगल चित्रात पाहून ती त्याने १६५६ सालच्या आपल्या कोरीव चित्रात, देवदूतांचा पाहुणचार करणाऱ्या अब्राहमच्या प्रसंगासाठी, सरळ उचलली. शहाजहान तेव्हा जिवंत होता आणि आपला चेहरा आम्स्टरडॅममधल्या एका कर्जबाजारी चित्रकाराच्या टेबलावर पडला आहे याची त्याला गंधवार्ताही नसावी. आमच्याकडचे चेहरे त्याच्या घरी गेले. त्याचा चेहरा माझ्याकडे आला तर फिटंफाट झाली असे मी आत्याला सांगू शकलो असतो. पण हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते.

ग्रंथ वाचून झाल्यावर वर्षभर मला माझ्या भिंतीवरच्या त्या चित्राकडे धड पाहवेना. ज्याला आपण कबुलीजबाब समजलो तो विक्रीचा माल निघाला, असे वाटून मन खट्टू झाले. त्या खोलीत वाचीत बसलो असताना तो म्हातारा मला दुकानाच्या पाटीवरील चेहऱ्यासारखा दिसू लागला. सौभाग्यवतींनी घराला रंग द्यावयाच्या वेळी चित्र उतरवून ठेवले, ते मी सात-आठ महिने पुन्हा लावले नाही. आणि का लावीत नाही असे त्यांनी विचारले तेव्हा खिळा सैल झाला आहे असे खोटेच सांगितले.

माझी चूक आता मला अशी दिसते, की एका टोकावरून मी दुसऱ्या टोकावर गेलो होतो. दुसऱ्यासाठी केलेले ते खोटे आणि स्वतःसाठी केलेले तेवढेच खरे, हा विचार आमच्या पिढीने इंग्रजी काव्यसमीक्षेतून उचलला; तो आमच्या परंपरेतला नव्हे. आमच्या संतकवींकडे पाहावे. अभंगाच्या शेवटी कवी आपली नाममुद्रा घालतो. ती त्याची निशाणी आहे, हा माल कोणाच्या हातचा हे सांगणारी खूण आहे. अभंग चारचौघांत, कीर्तनात, टाळमृदंगाच्या गजरात म्हणावयाचा आहे, हे कवीला पक्के ठाऊक आहे. तरीही त्या शेवटच्या चरणात कवी स्वतःचे नाव घेऊन स्वतःशी जे बोलतो ते खोटे आहे असे कोणी वारकरी म्हणणार नाही. चव्हाट्यावर म्हटलेले आत्मनिवेदन आमच्याकडे शेकडो वर्षे चालत आले आहे, आणि ते ऐकताना आम्हाला कधी फसल्यासारखे वाटले नाही. मग डच चित्रकाराने आपला चेहरा गिऱ्हाइकासाठी रंगवला म्हणून मी एवढा दुखावलो का? मला त्याच्याकडून एकांत हवा होता, आणि तो एकांत माझा एकट्याचा असावा, अशी ती हाव होती.

पुढे लंडनला जाण्याचा योग आला तेव्हा केनवुडला गेलो. एडवर्ड सेसिल गिनेस, म्हणजे आयव्हीचा पहिला अर्ल, याने १८८८ साली हे चित्र विकत घेतले. बियरच्या धंद्यात त्या घराण्याने अमाप पैसा मिळवला होता. १९२५ साली त्याने केनवुडचा वाडा घेतला, १९२७ साली तो वारला, आणि वाडा व चित्रे त्याने राष्ट्राला देऊन टाकली. (मद्याच्या पैशातून आलेले चित्र पाहण्यास आमच्या आजोबांची संमती मिळाली नसती, पण आत जाण्यास पैसे पडत नाहीत हे ऐकून त्यांनी पुनर्विचार केला असता.) मी गेलो तेव्हा चित्र भोजनगृहाच्या भिंतीवर होते. म्हणजे चित्रशाळेत नव्हे तर घरातच, निदान एके काळी घर होते अशा जागी.

प्रथम जाणवला तो आकार. चित्र सुमारे पावणेचार फूट उंच आणि तीन फूट रुंद आहे. मनुष्य जवळजवळ मनुष्याएवढा आहे. माझी प्रत हातभर. दुसरा रंग. माझ्या प्रतीत सगळीकडे एक गुळाच्या काकवीसारखा तपकिरी गोडवा पसरला आहे, तो मूळ चित्रात नाही. तेथील भिंत चांगली उजळ आहे, करडी. आणि टोपी म्हणजे सफेद्याचे मोजके, जाड, घाईने ओढलेले फटकारे. चेहऱ्यावर रंगाचे थर चढलेले आहेत, नाकाशी तांबूस, डोळ्यांखाली मऊ आणि सैल. पण चेहऱ्यावरून दृष्टी खाली हाताकडे नेली, की थक्क व्हावे. तेथे हात नाहीच! पॅलेट, कुंचले आणि हात टेकवण्याची काठी जेथे धरली आहे तेथे नुसते चार-सहा रेघोटे आहेत. जवळ जाऊन पाहिले तर रंग. मागे सरले तर मूठ. छापील प्रतीत ही जागा अंधारी दिसते आणि आपण समजतो की छपाई बिघडली.

या हाताचीच एक कथा आहे आणि मला ती या चित्राचे मर्म वाटते. क्ष-किरणांनी पाहिले तेव्हा आढळले, की रेम्ब्रांटने प्रथम स्वतःला निराळे काढले होते. शरीर चित्रफलकाकडे वळलेले, एक हात उचलून रंगवण्यात गुंतलेला, आणि पॅलेट दुसऱ्या हातात. आरशात उजवे ते डावे दिसते. तेव्हा आरशात जसे दिसले तसे, म्हणजे कुंचला डाव्या हातात, असे ते होते. मग त्याने ते पुसले. शरीर समोर वळवले, उचललेला हात काढून टाकला आणि पॅलेट डाव्या हाती दिले, म्हणजे उजव्या हाताने काम करणारा चित्रकार समोरच्या माणसाला जसा दिसेल तसा. स्वतःला जसा दिसलो तेथून निघून तो दुसऱ्याला जसा दिसेन तेथे आला. चेहरा आरशातला राहिला, बैठक मात्र परक्याच्या डोळ्यांतली झाली. हे चित्र कबुलीजबाब की विक्रीचा माल, असा जो वाद मी वर्षभर मनाशी घालीत होतो त्याचे उत्तर रंगाच्या खालच्या थरांत होते. तो कोणासाठी बसला आहे हे त्याला ठाऊक होते, आणि त्या कोणासाठी त्याने आपल्या गालावरची एक सुरकुतीही कमी केली नाही. गिऱ्हाइकाची खुशामत करावयाची असती तर हा चेहरा पुष्कळ सुधारता आला असता; आणि त्याला ते येत नव्हते असे त्याचा शत्रूही म्हणणार नाही.

पाठीमागच्या दोन वर्तुळांविषयी पंडितांनी बरीच शाई खर्च केली आहे. इटलीच्या जोत्तोने पोपच्या दूतासमोर कंपास न घेता एका झटक्यात निर्दोष वर्तुळ काढले होते, त्या आख्यायिकेचा हा उल्लेख, असे काही म्हणतात. जगाच्या नकाशातील दोन गोलार्ध, असे दुसरे म्हणतात. सिद्धान्त आणि अभ्यास यांची ही प्रतीके, असे आणखी काही. डच घरांत भिंतीवर जगाचे नकाशे लावण्याची चाल होती, म्हणून नकाशाची कल्पना मला बरी वाटते. पण खरे सांगावयाचे तर चित्रासमोर उभे असताना या प्रश्नाचा विसर पडतो. त्या कंसांमुळे डोके भिंतीवर ठोकून बसवल्यासारखे स्थिर दिसते, हे काम ते चोख करतात.

परत आलो आणि चित्र पुन्हा लावले. परंतु आता पूर्वीच्या जागी नाही. आपल्याकडे चित्रे छताजवळ, खालच्या अंगाने भिंतीला टेकवून वरून पुढे झुकलेली लावतात. देवाला ते शोभते, कारण देवाकडे मान वर करूनच पाहावयाचे असते. मीही रेम्ब्रांटला तसाच टांगला होता, आणि पंचवीस वर्षे त्याची हनुवटी पाहत होतो. आता त्याचे डोळे माझ्या डोळ्यांच्या उंचीवर आहेत. हा फरक बारीक वाटेल, पण त्यामुळे चित्र निराळे झाले. देवाच्या दर्शनात आपण देवाला पाहतो आणि देव आपल्याला पाहतो, अशी श्रद्धा असते. येथे तसे नाही. ही नजर माझ्यावर नाही. ती आरशावर होती. जेथे मी उभा आहे नेमका तेथे त्याचा आरसा होता. तो स्वतःला तपासत होता, आणि मी त्या दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिलो आहे. म्हणून त्याचा तो शांत, किंचित कठोर, मोजमाप घेणारा दृष्टिक्षेप माझ्या वाट्याला येतो. तो मला उद्देशून नसतो, तरी टाळता येत नाही.

प्रदर्शनात हे पाच-दहा मिनिटे सोसता येते. पाच-दहा मिनिटे म्हणजे आपण चित्राकडे पाहुणे. घरात उलट होते. पाहुणा तो असतो, आणि आपण अंगरखा काढून, वर्तमानपत्र पसरून, एखाद्या सहकाऱ्याविषयी नको ते बोलत त्याच्यापुढे बसलेले असतो. माझ्या प्रतीवर काच आहे. उजेड खिडकीकडून येतो. दुपारी चारच्या सुमारास त्याच्या काळ्या झग्याच्या जागी, छातीशी, माझे स्वतःचे प्रतिबिंब उमटते. टक्कल, चष्मा, सगळे. ज्या वयाचा तो त्या चित्रात आहे त्या वयाच्या मी आता जवळ आलो आहे, त्यामुळे तुलना सोपी जाते आणि फारशी सुखाची होत नाही. प्रतिबिंब पडू न देणारी काच आता मिळते. फ्रेमवाल्याने ती सुचवली होती. मी नको म्हटले.

एवढ्यावरून माझे पूर्वीचे सगळे व्याख्यान टाकाऊ होते असे मी म्हणत नाही. हेंड्रिक्ये गेली, तितुस गेला, हे खरेच आहे, आणि हे ठाऊक असलेल्या मनुष्याला तो चेहरा अधिक बोलका वाटला तर त्याला दोष देता येणार नाही. फक्त वर्गात मी आता ती वाक्ये आधी सांगत नाही. आधी हाताची जागा दाखवतो, पॅलेट कोणत्या हातात आहे ते विचारतो, यादी वाचून दाखवतो. घंटा झाली की मुले उठून जातात.

आत्या दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या खेपेस ती आली तेव्हा तिला नीट दिसत नव्हते. तरी चित्र खाली आल्याचे तिच्या ध्यानात आले आणि “आता बरा लावलास, आता माणूस दिसतो,” असे ती म्हणाली. तिचे छायाचित्र सौभाग्यवतींनी त्याच भिंतीवर, त्याच उंचीवर लावले आहे. त्याला चंदनाचा हार आहे. जागा करण्यासाठी रेम्ब्रांटला चार बोटे डावीकडे सरकवावे लागले, आणि जुन्या खिळ्याचे भोक बुजवावयाचे अजून राहिले आहे.